राउटर खोलून पाहूया: डब्यातले भाग, पॅकेटचा प्रवास आणि बिघाड शोधायची रीत

नेट बंद पडलं की बहुतेक घरांत एकच उपाय होतो: राउटर बंद करा, दहा सेकंद थांबा, पुन्हा चालू करा. बरेचदा तेवढ्यावर भागतंही. नाही भागलं तर पुढे काय करायचं ते सुचत नाही, कारण तो डबा आपल्याला एकच वस्तू वाटतो. प्रत्यक्षात त्यात किमान चार वेगळी यंत्रं एका पाटीवर नांदत असतात: खरा राउटर, केबलची उपकरणं एकमेकांना जोडणारा एक स्विच, वायफाय पुरवणारा एक ॲक्सेस पॉइंट आणि घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारा छोटा सर्व्हर. फायबरच्या डब्यात पाचवंही असतं, प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणारं ओएनटी. या पाचांपैकी नेमकं कोण रुसलंय हे ओळखता आलं की निम्मी दुरुस्ती घरबसल्या होते. उरलेल्या निम्मीसाठी केबलवाल्याला फोन करताना नेमकं काय सांगायचं, तेही कळतं.

म्हणून आधी एक जुना राउटर खोलू, मग एका पॅकेटच्या, म्हणजे डेटाच्या छोट्या पुडक्याच्या, मागे मागे जाऊ आणि शेवटी बिघाड शोधू.

खोलण्याआधी

घरात पडून असलेला, बंद किंवा नकोसा राउटर घ्या. जोडणीसोबत आलेला, सध्या वापरात असलेला डबा खोलू नका. तो बहुधा कंपनीच्याच मालकीचा असतो आणि जोडणी सोडताना परत मागतात. साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, एखादं मुदत संपलेलं एटीएम कार्ड आणि झूम होणारा मोबाइल कॅमेरा एवढं पुरतं. चिपवरची बारीक अक्षरं वाचायला कॅमेऱ्यासारखा सोपा उपाय नाही.

अडॅप्टर आधी काढा. राउटरच्या पाटीवर बहुधा १२ व्होल्टच येतात, त्यामुळे तिथे धोका नाही. पण अडॅप्टरचं डबडं मात्र कधीच उघडू नका. घरातले २३० व्होल्ट आत एकदिशा झाले की कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही थोडा वेळ राहतात.

स्क्रू दिसत नसतील तर खालचे रबरी पाय उचकटून पाहा, नाहीतर स्टिकरवरून बोट फिरवा. मधेच खड्डा लागला की तिथे स्क्रू आहे. स्क्रू निघाले की कार्डाची कड सांध्यात घालून एकेक क्लिप सोडवत जा. झाकण एकदम ओढू नका, कारण अँटेनाच्या बारीक काळ्या वायरी बऱ्याचदा झाकणापासून पाटीपर्यंत गेलेल्या असतात.

पाटीवर काय दिसतं

सुरुवात अडॅप्टरच्या पिनेपासून करा. तिच्या शेजारी काळ्या किंवा राखाडी चौकोनी कॉइल आणि एक-दोन उभे, नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात. इथे १२ व्होल्टचे ५, ३.३ आणि एक व्होल्टच्या आसपास असे वेगवेगळे पुरवठे तयार होतात, कारण प्रत्येक चिपची भूक वेगळी. कपॅसिटरचा माथा फुगलेला दिसला तर आजाराचं मूळ तिथेच सापडलं.

पण पाटीपेक्षा अडॅप्टर आधी थकतो. लक्षणं अशी: राउटर अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होतो, किंवा दोन-तीन जण व्हिडिओ बघायला लागले की वायफाय गायब होतं. रेडिओ जोरात चालला की जास्त करंट लागतो आणि थकलेला अडॅप्टर तेव्हाच मान टाकतो. नवा घेताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. १ अँपिअरच्या जागी २ अँपिअरचा लावल्यानं काही जळत नाही, राउटर हवा तेवढाच करंट घेतो. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा लावलात तर मात्र नशिबाची परीक्षा. पिनेच्या मधल्या भागाला धन टोक आहे ना, हे स्टिकरवरच्या छोट्या चिन्हावरून पाहून घ्या.

आता पाटीच्या मध्यावर या. ॲल्युमिनिअमच्या दातेरी तुकड्याखाली किंवा पत्र्याच्या झाकणाखाली मुख्य चिप असते. प्रोसेसर, स्विच आणि पॅकेट हलवणारं खास यंत्र असं सगळं तिच्यात एकत्र असतं. मीडियाटेकची एमटी ७६२१ ही गेल्या दशकात असंख्य राउटरमध्ये बसलेली चिप घ्या: दोन गाभे, वेग ८८० मेगाहर्ट्‌झ. आजचा स्वस्तातला मोबाइलही हिच्या कितीतरी पुढे आहे. मग एवढ्यावर गिगाबिटचा प्लॅन कसा चालतो?

थोडा हिशोब करू. सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे १५०० बाइटची सुमारे ८१ हजार पॅकेट एका सेकंदात. ८८० मेगाहर्ट्‌झचा एक गाभा त्यातल्या प्रत्येक पॅकेटला जेमतेम १०,८०० ठोके (प्रोसेसरच्या कामाच्या सर्वात छोट्या पायऱ्या) देऊ शकतो. तेवढ्यात पॅकेट वाचायचं, पत्ता बदलायचा, बेरीज तपासायची, पुढे ढकलायचं. पॅकेट अगदी छोटी असली तर त्यांची संख्या सेकंदाला १४ लाख ८८ हजारांवर जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला ६०० ठोकेही येत नाहीत. एकट्या प्रोसेसरच्या आवाक्यातलं हे काम नाही. म्हणून चिपमध्ये एक वेगळा विभाग असतो. एखाद्या संभाषणाची पहिली काही पॅकेट प्रोसेसर पाहतो, काय करायचं ते ठरवतो आणि तो निर्णय या विभागाला देऊन टाकतो. पुढची हजारो पॅकेट प्रोसेसरला न विचारताच निघून जातात.

याचा व्यवहारात अर्थ असा, की सेटिंगमध्ये पालक नियंत्रण, कोण किती डेटा वापरतं याचा मीटर किंवा क्यूओएस (कुठल्या वाहतुकीला आधी रस्ता द्यायचा ते ठरवणारी सोय) चालू केलं की अनेक राउटरमध्ये हा झटपट रस्ता बंद होतो. प्रत्येक पॅकेट पुन्हा प्रोसेसरकडे जायला लागतं आणि वेग धाडकन कोसळतो. लोक केबलवाल्याशी भांडतात. खरा दोषी घरातच बसलेला असतो. प्लॅनपेक्षा वेग खूप कमी मिळत असेल तर या सोयी एकेक करून बंद करून पाहा.

मुख्य चिपशेजारी दोन स्मृती असतात. मोठी चौकोनी ती रॅम, साधारण ६४ ते ५१२ मेगाबाइट. दुसरी, आठ पायांची छोटीशी, ती फ्लॅश. तिच्यावर डब्ल्यू२५क्यू१२८ असं काही लिहिलेलं असेल तर शेवटचा आकडा मेगाबिटमधला आहे. आठानं भागा, १६ मेगाबाइट. एवढ्याशा जागेत अख्खी लिनक्स प्रणाली दाबून भरलेली असते. सुरुवातीला बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम), मग लिनक्सचा गाभा, मग आकसून ठेवलेल्या फायली, एक कोपरा तुमच्या सेटिंगसाठी आणि एक कारखान्यात लिहिलेल्या माहितीसाठी. या शेवटच्या कोपऱ्यात त्या राउटरचा मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यात मिळालेला क्रमांक) आणि त्याच्या रेडिओची बारीक जुळवणी असते.

यावरून दोन नेहमीच्या गोष्टी उलगडतात. बंद-चालू केल्यानं राउटर का सुधारतो? रॅम पुसली जाते. अडकलेले प्रोग्राम आणि तुंबलेल्या नोंदी निघून जातात, फ्लॅशला मात्र धक्का लागत नाही. आणि मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की काय होतं? फक्त सेटिंगचा कोपरा साफ होतो. नव्या फर्मवेअरमुळे, म्हणजे फ्लॅशमधल्या नव्या प्रणालीमुळे, बिघडलेला राउटर त्यानं जुन्या फर्मवेअरवर परत येत नाही. शिवाय पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन कंपनीच्या जाळ्यात शिरायची पद्धत) वापरणाऱ्या जोडणीचं नाव-पासवर्ड त्याच कोपऱ्यात असतं. ते लिहून घेतल्याशिवाय टाचणी हातात घेऊ नका, नाहीतर रविवारी संध्याकाळी केबलवाल्याच्या मागे लागायची वेळ येते.

राउटरमधल्या लिनक्सची एक गंमतही सांगायला हवी. लिंकसिस कंपनीचा निळा-काळा डब्ल्यूआरटी ५४जी राउटर २००२च्या अखेरीस आला. त्याच्या फर्मवेअरमध्ये लिनक्सचा कोड आहे हे काही जाणकारांच्या लक्षात आलं. लिनक्सच्या परवान्यानुसार असा कोड वापरून वस्तू विकली तर तो खुला करावा लागतो. २००३मध्ये कंपनीनं तो केला. त्यातूनच २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक जुन्या राउटरना तोच नवं आयुष्य देतो.

आता मागच्या पोर्टकडे पाहा. प्रत्येक पोर्टच्या मागे काळी, बरेच पाय असलेली डबी असते. तिच्यात इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात. तारेतला संकेत चुंबकीय मार्गानं आत येतो, थेट जोडणी नसतेच, आणि साधारण दीड हजार व्होल्टपर्यंतचा फरक ही डबी अडवते. जवळ पडलेली वीज यापेक्षा फार मोठी असते. वळवाच्या पावसात, गच्चीवरून किंवा खांबावरून तांब्याची लॅन केबल आलेल्या घरांत पोर्ट जळतात ते यामुळे. फायबर काचेचा असल्यानं त्या वाटेनं वीज येत नाही. बऱ्याचदा एकच पोर्ट मरतो, बाकीचे ठणठणीत राहतात. इंटरनेटचा वेगळ्या रंगाचा पोर्ट मेला तरी राउटर फेकायची घाई नको. अनेक राउटरमध्ये तो त्याच स्विच चिपचा एक पोर्ट असतो, सॉफ्टवेअरनं वेगळा काढलेला. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या फर्मवेअरमध्ये दुसऱ्या पोर्टला तेच काम नेमता येतं.

पत्र्याच्या झाकणाखाली रेडिओ असतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्‌झची सुमारे सहा. अँटेनामधला खरा धातूचा भाग लहरीच्या निम्म्या लांबीचा असला की पुरतो, म्हणून ते लांबलचक काळं शिंग आतून बरंचसं पोकळ असतं. शिंगं जास्त म्हणजे रेंज जास्त, असं गणित नाही. उभ्या अँटेनातून लहरी आजूबाजूला पसरतात. तिच्या टोकाच्या दिशेनं जवळजवळ काहीच जात नाही. एकाच मजल्यावरचं घर असेल तर अँटेना उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावर रेंज हवी असेल तर एक आडवी करा. अँटेना खोलीच्या दिशेनं रोखून ठेवणारे बरेच दिसतात. त्यांची रेंज नेमकी तिथेच कमी होते.

पाटीच्या कडेला रांगेत चार रिकामी भोकं दिसली तर ती कंपनीच्या तंत्रज्ञांची मागची दारं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत यूएसबी-टीटीएल नावाची छोटी पट्टी मिळते. तिचे तीन धागे, जमीन, देणं आणि घेणं, इथे जोडले आणि वेग १,१५,२०० ठेवला की राउटर सुरू होताना काय काय करतो ते संगणकावर ओळीनं वाचता येतं. चौथं भोक पुरवठ्याचं, त्याला हात लावू नका. पट्टी ३.३ व्होल्टवर चालणारीच हवी.

फायबरच्या डब्यात याशिवाय एक धातूची नळकांडी असते, हिरव्या कनेक्टरच्या अगदी मागे. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत केंद्राकडून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि जाणारा १३१०चा, त्यामुळे एकाच धाग्यातून दोन्ही दिशांना ये-जा होते. खांबावरच्या डबीतला स्प्लिटर एका धाग्याचे ३२ किंवा ६४ करतो आणि त्याला विजेची गरज नसते. म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांचा डेटा तुमच्या ओएनटीपर्यंत येतोच. तो आपला तेवढा उचलतो, बाकीचा सोडतो. पाठवताना प्रत्येकाला सेकंदाचे बारीक तुकडे वाटून दिलेले असतात, आपली पाळी आली की बोलायचं. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून सुटलेल्या धाग्याच्या टोकात कधीही डोकावू नका.

एका पॅकेटच्या मागे

मोबाइल वायफायला जोडला की आधी पत्ता मागतो. राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर त्याला चार गोष्टी देतो: मोबाइलचा पत्ता, समजा १९२.१६८.१.५, आपलं जाळं कुठपर्यंत आहे याची खूण, बाहेर जायचं दार, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१, आणि नावांवरून पत्ते सांगणारा डीएनएस. यातलं एक जरी चुकलं तरी वायफायचं चिन्ह पूर्ण दिसतं आणि नेट चालत नाही.

एखादी साइट उघडली की मोबाइल स्वतःशी विचारतो: हा पत्ता आपल्या जाळ्यातला आहे का? नाही. मग पॅकेट दाराकडे. त्यावर शेवटचा पत्ता दूरच्या सर्व्हरचा असतो, पण बाहेरच्या लिफाफ्यावर राउटरचा मॅक पत्ता घातला जातो. राउटर हा लिफाफा फाडतो, आतलं पॅकेट वाचतो, पुढच्या टप्प्याचा नवा लिफाफा चढवतो. प्रत्येक राउटरवर लिफाफा बदलतो, आतला शेवटचा पत्ता तोच राहतो. शिवाय पॅकेटवर एक उलटा मोजणारा आकडा असतो, टीटीएल (मघाच्या पट्टीच्या नावातल्या टीटीएलशी याचा संबंध नाही). सुरुवात बहुधा ६४ किंवा १२८पासून. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट फेकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. हा आकडा नसता तर चुकीच्या नोंदींमुळे गोल गोल फिरणारी पॅकेट अनंतकाळ फिरत राहिली असती.

पण १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता घेऊन बाहेर जाता येत नाही. तो लाखो घरांत सारखाच आहे. चौथ्या आवृत्तीच्या आयपीत, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या पद्धतीत, एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, म्हणून १९९०च्या दशकात काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले आणि बाहेर एकच पत्ता दाखवायची युक्ती आली: नॅट. देवळाबाहेरच्या चपलांच्या स्टँडसारखं हे आहे. पॅकेट बाहेर जाताना राउटर त्याला एक टोकन, म्हणजे पोर्ट क्रमांक, देतो आणि वहीत लिहून ठेवतो की हे टोकन १९२.१६८.१.५चं. उत्तर तेच टोकन घेऊन आलं की वही बघून योग्य मोबाइलकडे. टोकन नसलेलं, आगंतुक पॅकेट आलं तर ते कुणाला द्यायचं हेच माहीत नसतं, म्हणून टाकून दिलं जातं. ही वही रॅममध्ये असते आणि तिला मर्यादा असते. स्वस्त राउटरवर टॉरेंट चालवलं की ती भरते आणि घरात सगळ्यांचं नेट अडतं.

इथे आपल्याकडे अगदी रोजचा असलेला एक घोळ येतो. राउटरच्या स्टेटस पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं त्यात) इंटरनेटच्या बाजूचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान किंवा १०ने सुरू होत असेल, तर तुमच्या कंपनीनं तुमच्या नॅटच्या वर आणखी एक नॅट बसवलेलं आहे. पहिला पट्टा २०१२मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा जोडणीवर घरच्या सीसीटीव्हीसाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं पॅकेट कुणाला द्यायचं ते वहीत आधीच लिहून ठेवणं) कितीही घासून केलं तरी ते चालणार नाही, कारण बाहेरची वही तुमच्या हातात नाही. पर्याय तीन: कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घेणं, सहाव्या आवृत्तीचा आयपी वापरणं, किंवा कॅमेरा कंपनीच्या क्लाउडवरून बघणं. नाशिकला आईवडिलांच्या घरी कॅमेरा लावून तो न्यू जर्सीतून बघणाऱ्यांनी आधी हा पत्ता तपासावा, मग माणूस बोलवावा.

घरच्या राउटरची मार्गांची यादी दोन-चार ओळींची असते: आपलं घर इकडे, बाकी सगळं जग तिकडे. मोठ्या राउटरचं तसं नसतं. इंटरनेटच्या कण्यावरच्या राउटरला जगभरचे नऊ लाखांहून अधिक मार्ग माहीत असावे लागतात आणि एकाच पत्त्याला दोन नोंदी लागू पडल्या तर जी जास्त नेमकी, तिचं ऐकायचं असा नियम असतो. हा नियम किती ताकदीचा आहे ते २४ फेब्रुवारी २००८ला दिसलं. पाकिस्तान टेलिकॉमनं यूट्यूब देशापुरतं अडवायला २५६ पत्त्यांच्या तुकड्याचा खोटा मार्ग जाहीर केला आणि तो बाहेर गळला. यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांची होती. तुकडा लहान, म्हणजे जास्त नेमका. जगभरच्या राउटरनी निमूटपणे वाहतूक पाकिस्तानकडे वळवली आणि सुमारे दोन तास यूट्यूब गायब झालं.

एवढ्या मोठ्या यादीत क्षणात शोध घेण्यासाठी अशा राउटरमध्ये एक महागडी, विजेला हावरी स्मृती असते. तिला टीकॅम म्हणतात. साधी स्मृती ओळीमागून ओळ वाचते, हिच्यात सगळ्या ओळी एकदम तपासल्या जातात. जागा मात्र मोजकी. १२ ऑगस्ट २०१४ला जगातल्या मार्गांची संख्या ५ लाख १२ हजारांच्या पुढे सरकली, काही जुन्या राउटरची तेवढ्यासाठीच आखलेली जागा संपली आणि अनेक ठिकाणी नेट अडखळलं.

बिघाड शोधायची शिडी

आता खालच्या पायरीपासून वर चढत जाऊ. मधली पायरी गाळू नका.

पहिली पायरी, दिवे. फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. सेटिंगमध्ये शोधण्यासारखं काही नाही. सोफ्याच्या मागे पिवळी वायर घट्ट वळली आहे का पाहा, काचेला तीव्र वळण सोसत नाही. हिरवा कनेक्टर नीट बसलाय का पाहा. दोन्ही ठीक असेल तर सरळ फोन करा. दिवा ठीक आहे पण नेट वारंवार तुटतंय, असं असेल तर ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचा आकडा शोधा. उणे २०च्या आसपास उत्तम. उणे २७ म्हणजे काठावर. दर तीन आकड्यांना प्रकाश निम्मा होतो. ‘माझ्याकडे उणे २८ येतायत’ असं सांगितलं की समोरचा ‘राउटर रीस्टार्ट करून बघा’ म्हणत नाही.

दुसरी पायरी, घरातलं जाळं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग, म्हणजे पी-आय-एन-जी, लिहा आणि पुढे जागा सोडून १९२.१६८.१.१, किंवा तुमच्या राउटरच्या स्टिकरवर जो पत्ता असेल तो. आकडे इंग्रजीत टाकायचे. संगणक केबलनं जोडला असेल तर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवं. वायफायवर थोडं जास्त चालतं. पण आकडे ३, ४, २१०, ५, ४८० असे उड्या मारत असतील तर बिघाड हवेत आहे, केबलवाल्याचा त्यात दोष नाही. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मोबाइलवरच्या वायफाय ॲनालायझर ॲपनं सर्वात मोकळा कुठला ते पाहून तो पक्का करा. जवळची उपकरणं ५ गिगाहर्ट्‌झवर हलवा. आणि राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा पाण्याच्या टाकीखाली असेल तर आधी तो तिथून काढा. धातू आणि पाणी, दोन्ही लहरींचे वैरी.

संगणकाचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून उत्तरच आलेलं नाही. राउटरचा तो भाग अडकलाय किंवा केबल खराब आहे.

तिसरी पायरी, बाहेरची बाजू. राउटरच्या स्टेटस पानावर इंटरनेटचा पत्ता आलाय का? सगळे शून्य दिसत असतील तर कंपनीनं आत घेतलेलं नाही: प्लॅन संपलाय, पीपीपीओईचा पासवर्ड चुकलाय किंवा त्यांच्या बाजूला गडबड आहे.

चौथी, नावांचा बिघाड. पिंग ८.८.८.८ करा. उत्तर येतंय पण कुठलीच साइट नावानं उघडत नाही, म्हणजे रस्ता ठीक आहे, डीएनएस आजारी आहे. राउटरमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घाला. एका मिनिटाचं काम.

काही साइट झटकन उघडतात आणि काही अर्ध्यात लटकतात, हा प्रकार सगळ्यात फसवा. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले आठ बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून १५००च्या जागी १४९२च उरतात. राउटरमध्ये एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १५०० राहिला असेल तर मोठी पॅकेट वाटेत अडकतात आणि छोटी निघून जातात. तो १४९२ करा.

पाचवी, दूरचा रस्ता. ट्रेसर्ट, टी-आर-ए-सी-ई-आर-टी, लिहून पुढे साइटचं नाव द्या. ही आज्ञा टीटीएलचा लबाड वापर करते: पहिलं पॅकेट टीटीएल १ ठेवून पाठवते, पहिला राउटर ते मारतो आणि आपलं नाव कळवतो, मग टीटीएल २, मग ३. असा अख्खा रस्ता उलगडतो. मधल्या एखाद्या ओळीत फक्त चांदण्या आल्या तर घाबरू नका, काही राउटर उत्तर देणं टाळतात. एखाद्या ओळीपासून पुढच्या सगळ्याच ओळींतला वेळ वाढलेला असेल तरच तिथे काहीतरी आहे. आकडा १०-१५वरून एकदम सव्वाशेच्या पुढे गेला तर बहुधा तुमचं पॅकेट नुकतंच समुद्राखालच्या केबलमध्ये शिरलंय; ते दुखणं नव्हे, अंतर आहे.

आणि सहावी, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. वेगाची चाचणी छान येते, पण घरात कुणी फोटो क्लाउडवर चढवायला लागलं की मीटिंगमधला आवाज तुटतो. ८.८.८.८ला सतत पिंग चालू ठेवून (शेवटी डॅश आणि टी लावायचं) एक मोठी फाइल अपलोड करा. १५वरचा आकडा ४००वर गेला तर पॅकेट राउटरच्या रांगेत तुंबतायत. यावरचा चांगला उपाय कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये मांडला: रांगेची लांबी मोजायची नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते मोजायचं आणि फार थांबलं तर टाकून द्यायचं, म्हणजे पाठवणारा हळू होतो. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये हे एसक्यूएम नावानं मिळतं. मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्के मर्यादा घालून ते चालू करा. झटपट रस्ता बंद होईल हे खरं, पण १०० मेगाबिटच्या प्लॅनवर प्रोसेसरला तेवढं झेपतं. माझं मत विचाराल तर ऑनलाइन कामासाठी वेगाच्या आकड्यापेक्षा हे जास्त मोलाचं.

सुरक्षेचं थोडक्यात: ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदला, २०१६मध्ये मिराई नावाच्या किड्यानं असे कारखान्यातले पासवर्ड वापरूनच लाखो राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिन वापरून वायफायला जोडायची सोय) बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसती पडताळणी असते, त्यामुळे दहा कोटींऐवजी ११ हजार प्रयत्नांत तो फुटू शकतो.

जुन्या राउटरला आतल्या खोलीत कामाला लावा

खोललेला राउटर चालू स्थितीत असेल तर तो ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरा. त्याला संगणक जोडून वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचेच ठेवा, चॅनेल मात्र वेगळा द्या. मग त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ऐवजी १९२.१६८.१.२ करा आणि तो मुख्य राउटरच्या वाटपाच्या यादीबाहेर आहे ना ते तपासा. शेवटी त्याचा डीएचसीपी बंद करा. एका घरात दोन डीएचसीपी म्हणजे कुणालाही कुठलंही दार मिळणार, आणि नेट कधी चालतं, कधी नाही, अशी तक्रार सुरू होणार. आता मुख्य राउटरकडून आलेली केबल याच्या इंटरनेट पोर्टमध्ये घालू नका. साध्या लॅन पोर्टमध्ये घाला. म्हणजे डब्यातला राउटर झोपून राहील, आणि स्विच व रेडिओ तेवढे काम करतील.

नवा पत्ता मार्करनं डब्याच्या पोटावर लिहून ठेवा, कारण स्टिकरवरचा पत्ता टाकला तर इथून पुढे मुख्य राउटरचं पान उघडेल.